टोळीमागे वनरक्षकाचा दिवस

सकाळी ६. बार्शी तालुक्यात वैरागच्या बाजूला माझं बीट. ओढ्याकाठच्या वडावर वानरांची टोळी अजून शेंड्यालाच आहे. जमिनीवरचं भय टाळायला ती रात्र उंचावर काढते. तेवढ्यात टोळीचा नर, हुप्प्या, घुमतो. शेजारच्या टोळीला तो इशारा असतो: इकडं फिरकू नका.

सकाळी ८. पिंपळाच्या कोवळ्या पानांवर ताव चाललाय. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं. आतले जिवाणू पाला आंबवतात, म्हणून पानांवर त्याचं भागतं. लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात; सापडेल ते भरायचं आणि पळायचं. काळतोंड्या वानराला त्या नसतात.

साडेनऊ. फोन वाजतो. "साहेब, वांडरं हरभऱ्यात घुसली. पिंजरा लावा, धरून न्या."

"अण्णा, ही नेली तर दुसरी टोळी येईल. खाणं इथंच आहे ना."

शेतात घाटे ओरबाडलेली झाडं ओळीनं दिसतात. पंचनाम्याचे कागद सांगतो. माकडांनी पीक खाल्लं तर शासनाची भरपाई आहे, पण पंचनाम्याशिवाय ती मिळत नाही.

दुपारी १२. टोळी सावलीत पसरलेली. पाला पचायला वेळ लागतो. एक मादी दुसरीच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करतेय. गोचीड सापडला की दातांखाली. यात सफाई आहे आणि मैत्रीही. काळपट तान्हं पिल्लू एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जातंय, आई तोवर निवांत खातेय.

दुपारी ३. शाळेत प्रश्नांचा भडिमार.

"सर, वानर शेपटीला लोंबकळतं का?" नाही. ते जमतं दक्षिण अमेरिकेतल्या काही माकडांना. आपल्या वानराची शेपूट उडी मारताना तोल सांभाळते.

"माणूस माकडापासून झाला का?" आजच्या माकडापासून नाही. दोघांचा पूर्वज एक, वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. आपले जवळचे भाऊबंद चिंपांझी, आणि त्यांना शेपूट नसते.

"हुप्प्या पिल्लं मारतो म्हणे?" कधीकधी मारतो. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं आपल्या शेजारच्या राज्यातल्या धारवाडला ते नोंदवलं. नवा नर जुन्याला हुसकावून टोळी बळकावतो, तेव्हा अंगावर पिणाऱ्या पिल्लांवर संकट येतं. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची वीण सुरू होते. अबूच्या वानरांचा अभ्यास करून संशोधक सारा ह्रडी यांनी मांडलेलं हे कारण पुढं गाजलं.

सायंकाळी ५. देवळापुढं लोक बिस्किटं वाटतायत. श्रद्धा आपल्याकडं मोठीच. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ साली देशभर झाली. पण जमीन राखणं वेगळं आणि पुडा फोडणं वेगळं. बिस्किटाला चटावलेलं जनावर उद्या पोराच्या हातातलं हिसकावतं, चावतं, आणि परवा त्याच गावातून पिंजऱ्यासाठी मला फोन येतो.

सायंकाळी ७. टोळी झाडावर चढली, नोंदवही लिहून झाली. शेवटी एवढंच सांगणं: वानराला हातानं खाऊ घालू नका. पुण्यच जोडायचं असेल तर बांधावर वड, पिंपळ, उंबर लावा. जखमी किंवा अडकलेलं जनावर दिसलं तर स्वतः धरायला जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.