मोळी आणि सायकल

‘‘एकटीच? आणि सायकलवर?’’

अलिबाग सोडल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की मोजायचं सोडून दिलं. चहाच्या टपरीवर, फेरीबोटीत, खानावळीत. ‘‘हो, वेंगुर्ल्यापर्यंत,’’ असं हसून सांगायचं आणि पॅडल मारायचं. चौथ्या दिवशी दुपारी मात्र हेदवी आणि तवसाळच्या मधल्या सड्यावर हाच प्रश्न मी स्वतःला विचारला. एकटीच? पण कशासाठी?

मी कराडची, वय ४४. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. ती पुसून मी पहाटे पाचला फिरवायला लागले. गल्लीत कुजबुज झाली, सासूबाईंचं तोंड आठवडाभर वाकडं राहिलं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, अवघ्या विशीत, सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून बहुतांशी एकटीने केली, हे वाचलं होतं. मला पृथ्वी नको होती, कोकण किनारा पुरे होता. आठ महिने सराव करून निघाले, तेव्हा हे एवढंच म्हणाले, ‘‘जमलं नाही तर फोन कर. गाडी घेऊन येतो.’’ प्रेमानेच म्हणाले. पण ते ‘जमलं नाही तर’ अलिबागपासून माझ्या कॅरिअरवर बसून आलं होतं!

नकाशात ही वाट समुद्रालगत सपाट दिसते. प्रत्यक्षात खाडी आली की उतार आणि खाडी ओलांडली की चढ. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ अशा तीन फेरी करून मी गुहागरला पोचले होते. आज तवसाळहून फेरीने जयगड आणि संध्याकाळी गणपतीपुळे असा बेत होता.

फेब्रुवारी असूनही दहालाच ऊन चटके द्यायला लागलं. त्यात पाळी चार दिवस आधीच आली. हेदवीत एका घरी ‘‘मोरीत जाऊ का हो?’’ असं विचारताना संकोच वाटला, पण त्या वहिनींनी एका नजरेत ओळखलं. वर कोकम सरबतही दिलं. पुढचा चढ मी सायकल हाताने ढकलत चढले. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, आडोसा नाही, पायाखाली तापलेला खडक. समोरून वारा सुटला आणि तिथेच मागचं चाक बसलं.

पंक्चर काढायला आमच्या इथल्या सायकलवाल्या चाचांकडून शिकले होते. चाक काढलं, जवळची एकुलती नवी ट्यूब घातली, हवा भरली. जेमतेम दोनशे पावलं गेले असेन, पुन्हा फुस्स! पाण्याच्या बाटलीत दोन घोट उरलेले. मी खडकावर बसून चक्क रडले. मग फोन काढला. रेंजची एकच काडी होती. ह्यांचा नंबर समोर आला. एक बटण दाबलं की सुटका.

‘‘बाय, उन्हाची कशाला बसलीस?’’

डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक आजी उभी होती. मोळी खाली टाकून तिने स्वतःजवळचं पाणी मला दिलं. ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काटा गेला असेल चाकात.’’

‘‘मग काढ की आधी!’’

मला एकदम चाचा आठवले. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, काटा आत तसाच राहिलेला असतो, हे त्यांनी दहादा बजावलं होतं. घाईत तेच विसरले होते. बोट फिरवलं, काटा टोचला. तो उपटला, ट्यूब घासली, सोल्यूशन लावून वाळू दिलं आणि पॅच दाबून बसवला. हवा टिकते का, हे पाहीपर्यंत आजी शेजारी बसून होती. मग मी हात लावला, तिने मोळी डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली.

ती गेल्यावर लक्षात आलं, ‘एकटीच?’ हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. तीही एकटीच होती. त्याच सड्यावर, त्याच उन्हात आणि तेही रोज. तिला कोण विचारतं?

तवसाळला उतरले, तेव्हा सूर्य कलला होता. फेरीतून ह्यांना फोन लावला. चार दिवस ‘मस्त चाललंय’ सांगत होते. आज खरं सांगितलं, ‘‘आज रडले. दोनदा पंक्चर झालं. गणपतीपुळे जमत नाही, जयगडलाच राहते.’’

‘‘गाडी आणू?’’

‘‘नको. आज जमलं नाही, एवढंच. उद्या पुढे जाईन.’’

‘जमलं नाही’ हे शब्द मीच उच्चारले आणि आभाळ कोसळलं नाही. चार दिवसांनी वेंगुर्ल्याला पोचले. हार-तुरे नव्हते, जेटीवर एका मावशींनी तेवढं विचारलं, ‘‘एकटीच?’’

‘‘हो,’’ म्हटलं. या वेळी पुढे काही सांगावंसं वाटलं नाही.