जुन्या संगणकाला स्वस्तात आवाज

आधी बायोसमध्ये मदरबोर्डवरचा ऑडिओ बंद तर नाही ना, ते पाहा. पुष्कळदा खर्च तिथेच वाचतो. चिप खरोखर गेली असेल तर कॅबिनेट उघडून स्लॉट ओळखा. लांब काळा तो आयएसए, त्याहून आखूड आणि बहुधा पांढरा तो पीसीआय. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही.

पीसीआय असेल तर सी-मीडियाची सीएमआय ८७३८ चिप असलेले कार्ड शोधा. खोक्यावरच्या नावाला भुलू नका, चिपवर छापलेला क्रमांक वाचा. ड्रायव्हर त्यावरूनच मिळतो. विंडोज ९८, एक्सपी आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. १९९८ साली आलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह स्वस्तात मिळाले तर सोडू नये. डॉसवरचे खेळ खेळायचे असतील तर मात्र आयएसए साउंड ब्लास्टरच हवे, कारण पीसीआय कार्डे तिथे अडखळतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने सुटे भाग धुंडाळता येतात. तिथे जाताना जुन्या कार्डाचा फोटो जवळ ठेवा, आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला कार्ड लावून आवाज ऐकवायला सांगा.

एक्सपी किंवा त्यापुढची विंडोज असेल आणि फक्त गाणी ऐकायची असतील, तर साधा यूएसबी अडॅप्टर पुरे. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही.