डिझेल इंजिनात वनस्पतिजन्य तेलाचा थेट वापर व त्यातील धोके : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

नीरा डाव्या कालव्याने आणि उजनी जलाशयाने बारामती-इंदापूरचा मोठा भाग बागायती केला. सुपे-मोरगावकडील जिरायत भाग मात्र पावसावर व विहिरींवर अवलंबून राहिला. विजेचे पंप सर्वत्र पोहोचण्यापूर्वी या भागात मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली होती. आज वीजपंप मुख्य असला तरी वीज नसताना चालविण्याचे इंजिन, ट्रॅक्टर व ऊसवाहतूक यांना डिझेल लागतेच. अशा वेळी रानातील करडईचे किंवा ओढ्याकाठच्या करंजाचे तेल थेट टाकीत ओतले तर काय होईल, हा प्रश्न शेतकऱ्याच्या व विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. (साखर कारखान्यांच्या आसवनीतील इथेनॉल हा वेगळा विषय होय. ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते.)

या प्रश्नाचे उत्तर फसवे आहे. इंजिन सुरू होते, चांगले चालते, भारही ओढते. हानी दिसू लागते ती कित्येक तासांनंतर, आणि तोपर्यंत प्रयोग ‘यशस्वी’ म्हणून नोंदविला गेलेला असतो.

पूर्वपीठिका

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या लोकांच्या ही गोष्ट लक्षात आली, असे रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे 1912 मध्ये सांगितले. हे उदाहरण आपल्याकडील लेखांतून वारंवार दिले जाते. परंतु त्या इंजिनाची गती, बांधणी व इंधनपद्धती आजच्या इंजिनांपेक्षा भिन्न होती, हे सहसा सांगितले जात नाही. 1937 मध्ये बेल्जियममध्ये शावान यांनी तेलाचे एस्टरमध्ये रूपांतर करून इंधन बनविण्याचे पेटंट घेतले. कच्चे तेल जसेच्या तसे पुरेसे नाही, ही जाणीव त्यामागे होती. 1982 मध्ये अमेरिकेत फार्गो येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीतही थेट वापरातील टिकाऊपणाचा प्रश्नच पुढे आला. याच सुमारास इंजिन उत्पादकांनी पर्यायी इंधनांसाठी 200 तासांची चाचणी सुचविली. एका तासाची चाचणी पुरेशी का नाही, याचे उत्तर त्या आकड्यातच आहे.

भारतात 2003 च्या नियोजन आयोगाच्या समिती अहवालानंतर वनएरंडाची (जट्रोफा) मोठी चर्चा झाली. 2005 मध्ये जैवडिझेलचे खरेदी धोरण जाहीर झाले. 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. ते गाठता आले नाही. मात्र ‘जैवडिझेल’ म्हणजे घाण्यावरचे तेल हा गैरसमज त्या काळात रुजला, तो अद्याप पुरता गेलेला नाही.

हानी कशी होते

डिझेलची श्यानता (दाटपणा) 40 अंश सेल्सिअसला साधारण 2 ते 4.5 सेंटीस्टोक असते. बहुतेक खाद्यतेलांची व करंजतेलाची 30 ते 40 च्या आसपास. दाट तेल नोझलमधून बारीक तुषारांच्या रूपाने न फुटता जाड थेंबांच्या रूपाने पडते. थेंब मोठा, म्हणून त्याचे बाष्पीभवन मंद. तो पिस्टनवर व लायनरच्या भिंतीवर आदळतो आणि अर्धवट जळतो. नोझलच्या तोंडाशी कोळशाचा थर साचतो, त्यामुळे फवारा आणखी बिघडतो, आणि बिघडलेल्या फवाऱ्याने थर आणखी वाढतो. पुढे रिंगा खाचेत चिकटतात. इंजिन कमी भारावर चालविल्यास दहनकक्ष पुरेसा तापत नाही व हे सर्व अधिक वेगाने घडते. विहिरीवर लहान पंपाला मोठे इंजिन जोडण्याची सवय या दृष्टीने घातक ठरते.

खरा धोका मात्र दृष्टीआड, तळाच्या वंगणतेलात असतो. न जळलेले तेल रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि गरम वंगणात त्याचे बहुवारिकीकरण होते, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते घट्ट होत जाते. दारे-खिडक्यांना लावलेले जवसाचे तेल वाळून कठीण पापुद्रा धरते, तीच ही क्रिया. वंगण प्रथम दाट, मग चिकट होते. तेलमार्ग तुंबले की बेअरिंग जाते.

कोणते तेल, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. असंपृक्ततेचे माप असलेले आयोडीन मूल्य खोबरेलाचे 10 च्या आसपास, करंजाचे व भुईमुगाचे साधारण 80 ते 100, करडईचे मात्र 140 च्या घरात असते. जैवडिझेलच्या युरोपीय मानकाची कमाल मर्यादा 120 आहे. ज्वारीच्या रानात पाटा घालून घेतली जाणारी, शेजारच्या फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने जिच्या वाणांवर दीर्घकाळ काम केले ती करडई, इंजिनाच्या दृष्टीने या यादीत सर्वांत वाईट ठरते. जे तेल हृदयाला हितकर म्हणून विकले जाते, तेच पिस्टनला अहितकर, असा हा विरोधाभास आहे. करंज तुलनेने बरा. पण त्याच्या कच्च्या तेलात मुक्त मेदाम्ल व चिकट द्रव्ये अधिक असतात. आम्लामुळे पितळी व तांब्याचे भाग गंजतात.

भिगवण-इंदापूरच्या महामार्गावरील खानावळींतून निघणारे तळणाचे तेल फुकट वाटते. वारंवार तापल्याने त्याचे बहुवारिकीकरण कढईतच सुरू झालेले असते. शिवाय पाणी, मीठ व पिठाचे कण. 2018 पासून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण अशा तेलाचे संकलन जैवडिझेलसाठी व्हावे याकरिता प्रयत्नशील आहे, थेट टाकीत ओतण्यासाठी नव्हे.

इंजिनानुसार फरक

मंदगती, जड बांधणीचे जुने इंजिन बरेच सहन करते. तेल 80-90 अंशांपर्यंत तापवून घेणे, सुरू व बंद करताना काही मिनिटे डिझेलवर चालविणे, वंगण निम्म्या अवधीत बदलणे, या उपायांनी हानी लांबते, टळत नाही. ज्या पंपाचे वंगण इंधनातूनच होते तो रोटरी पंप दाट तेलाने, विशेषतः हिवाळ्यातील पहाटे, जाम होऊ शकतो. 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना कठोर उत्सर्जन मानके लागू झाली. त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉमन रेल पद्धतीत दाब हजार बारच्या वर असतो व नोझलची छिद्रे केसासारखी असतात. तेथे हा प्रयोग करूच नये.

महाविद्यालयीन प्रकल्पांविषयी

इंजिन तासभर चालवून औष्णिक कार्यक्षमता व धूर मोजणारे प्रकल्प पुष्कळ होतात. मापे खरी असतात, निष्कर्ष नसतो. शंभर तासांनी वंगणाची श्यानता मोजली, नोझलचे छायाचित्र घेतले, रिंगा हाताने फिरतात का पाहिले, तर त्याच प्रकल्पाला अर्थ येईल. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, चिकाटी लागते.

तेलाचे एस्टर करून खरे जैवडिझेल बनविणे हा मार्ग रसायनशास्त्र विभागाला जवळचा वाटेल. तेथे धोका इंजिनाकडून माणसाकडे सरकतो. मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी व प्राण घेते, त्वचेतूनही शोषले जाते आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. त्यात कॉस्टिक सोडा विरघळविताना उष्णता निर्माण होते. हे काम शेतातील पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या पिंपात करण्याचे नाही. प्रयोगशाळेतही धूरकपाट व शिक्षकाची उपस्थिती यांवाचून करू नये.