प्ले नेमका कुठे?

जुन्या रोल्स-रॉइसचं स्टेअरिंग ढिलं लागलं की मालक म्हणतात, "बॉक्स जरा टाइट करून द्या." मी बॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावतो.

सिल्व्हर घोस्टचंच घ्या, १९०६ साली आलेली ४०/५० अश्वशक्तीची गाडी. स्टेअरिंग फिरवलं की बॉक्समधला पोलादी स्क्रू फिरतो, त्यावरचा नट सरकतो आणि ती हालचाल ड्रॅग लिंक, टाय रॉड असं करत चाकांपर्यंत पोचते. वाटेतल्या प्रत्येक सांध्यात थोडाथोडा प्ले साठतो.

म्हणून आधी पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ठक्क लागलं, तर किंगपिनचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलं. मग भाचा आत बसतो. "हलव रे, हळू!" तो स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे करतो आणि मी खाली एकेका बॉल जॉइंटवर बोट ठेवत जातो. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला बरोबर लागते.

बॉक्स शेवटी का? गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळे स्क्रू मधोमध जास्त झिजतो. तिथला प्ले काढायला आवळलं, की पूर्ण वळणावर स्टेअरिंग जाम होतं. ही गाडी १९०८ साली मुंबई-कोल्हापूर चाचणीत आपले घाट चढून-उतरून गेलेली. घाटातल्या वळणावर अडकणाऱ्या स्टेअरिंगपेक्षा थोडं ढिलं मी केव्हाही पत्करीन.

मग टो-इन. दोन्ही रिमना पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण करून अंतर मोजायचं. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलायची आणि मागे गेलेल्या त्याच खुणांवर पुन्हा मोजायचं. खुणा त्याच असल्यामुळे वाकड्या रिमने माप चुकत नाही. पुढचं अंतर किंचित कमी हवं.

आणखी एक गोष्ट. कारखाना फक्त चासी द्यायचा. बॉडी बार्कर, हूपर यांच्यासारखे कारागीर बांधत. बॉडीच्या वजनाने स्प्रिंगा दबतात, अ‍ॅक्सलचा कल बदलतो. म्हणून मी माणसं बसवूनच गाडी रस्त्यावर नेतो. वळण घेऊन पकड सैल केली की स्टेअरिंगने आपणहून सरळ यायला हवं. सांधे मोकळे असूनही ते आलं नाही, तर स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलमधली पाचर बदलायची आणि टो-इन पुन्हा मोजायचं.