निवृत्तीनंतरचे सोबती

वाचकहो, निरोपसमारंभ आपण सर्वांनी पुष्कळ पाहिले आहेत. शाळा असो, तहसील कचेरी असो, बँक असो की एस.टी.चा डेपो असो, समारंभाचा साचा एकच. फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात, आणि शेवटचा वक्ता 'आपले उर्वरित आयुष्य सुखाचे व निरामय जावो' असे म्हणून खाली बसतो. हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारलेले आहे. पण ते आयुष्य सुखाचे व निरामय जावे कसे, हे मात्र सत्कारमूर्तीला आम्ही कधी सांगत नाही. चहा-चिवडा होतो, फोटो निघतात, मंडळी पांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो गृहस्थ आंघोळ करून, कपडे करून तयार होतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की आपल्याला आज कुठेच जायचे नाही.

आपल्या राज्यात बहुतेक सरकारी नोकर ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. आम्ही महाविद्यालयातले लोक ६० व्या वर्षी. आपल्या देशात साठी गाठलेला माणूस त्यानंतर सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे जगतो. १८ वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. तेवढ्या काळात पाळण्यातले मूल मतदार होते! २०११ च्या जनगणनेत साठीवरील माणसांची संख्या १० कोटींवर गेली होती. तेव्हा हा प्रश्न चार पेन्शनरांचा राहिलेला नाही. शेतकऱ्याला निवृत्ती नसते असे आपण म्हणतो, परंतु गुडघे धरले आणि बैल-बारदाना पोराच्या हाती गेला, की त्यालाही रान सुटते, आणि रानाबरोबर बांधावरची माणसेही सुटतात.

म्हातारपणाच्या तीन काळज्या असतात: पैसा, प्रकृती आणि सोबत. पहिलीविषयी आपण जागरूक असतो. पेन्शनचे कागद, नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला, यांत सहसा कुणी चुकत नाही. दुसरीसाठी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या असतात. तिसरीचे मात्र आपण गृहीत धरतो. 'माणसं काय, गावात आहेतच की!' असे म्हणतो. माणसे गावात असतात हे खरे. पण तेवढ्याने ती आपल्यापाशी राहत नाहीत. आणि सोबत सुटली की प्रकृतीही सुटते, हे मला आज सांगायचे आहे.

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्याकडे कोणतीही गोष्ट शेवटी ज्वारीवर येते. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली ती याच गावी, अशी परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या ज्वारीची रीत पाहा. पावसाळा ओसरत आला की ती पेरतात. त्यानंतर पाऊस बहुधा नसतोच. आधीच्या पावसाची जी ओल काळ्या जमिनीच्या पोटात मुरलेली असते, तिच्यावर हे पीक थंडीभर वाढते आणि कणसात येते. मला वाटते, नोकरीनंतरचे आयुष्य हे असेच रब्बीचे पीक आहे. ते मागच्या ओलीवर निघते.

पण शेतकरी पेरून स्वस्थ बसतो का? नाही. काळी जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात आणि भेगांतून पोटातली ओल उडून जाते. म्हणून तो कोळपे धरतो. पेरल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक, पाचव्यात दुसरी, आठव्यात तिसरी, अशा कोळपण्या करतो. त्याने तण निघते आणि भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जाणती माणसे म्हणतात. स्नेहाचेही तसेच आहे. तीस वर्षांचा स्नेह असला, तरी कोळपणी थांबली की भेग पडते. कशी पडते, ते माझ्याच हातून घडलेल्या चुकीवरून सांगतो.

माझे एक प्राथमिक शाळेतले गुरुजी. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी फिरायला जात आणि परतताना पारावर बसत. तिथे सहा-सातजणांची बैठक असे. एक तलाठी, एक एस.टी.चे कंडक्टर, दोघे शिक्षक, बाकीचे शेतकरी. पावसापाण्यापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळ्याचा निकाल तिथे लागे. पुढे गुरुजी कमी बोलू लागले. मग एक दिवसाआड येऊ लागले. मग येईनासे झाले. मंडळींनी आपापल्या परीने कारणे लावली. कुणी म्हणाले, मागे बांधावरून वाद झाला त्याचा राग आहे. कुणी म्हणाले, मुलगा पुण्याला मोठ्या पगारावर लागला, आता आपल्यात कशाला बसतील? मीही एकदा त्यांना मागून हाक मारली होती. ते वळले नाहीत. 'गुरुजींनी ओळखसुद्धा दाखवली नाही' हे माझ्या मनात राहिले, आणि पुढे त्यांच्या दारावरून रोज जाताना मी थांबलो नाही. असे चार महिने गेले.

जानेवारीत हुरडा आला. तेव्हा ते कंडक्टर, जे गुरुजींचे लहानपणचे वर्गबंधू, फडक्यात हुरडा बांधून सरळ त्यांच्या घरी गेले. शेजारी बसले आणि म्हणाले, "का रं, येत का न्हाईस?" गुरुजींनी दोनदा विचारायला लावले. मग म्हणाले, "आवाज येतो रे, पर शब्द लागत न्हाई. तुम्ही हसता तवा मी बी हसतो. कशाला हसलो, ते मला ठावं नसतं. मग लाज वाटती."

ना राग होता, ना ताठा होता. कान गेले होते. आणि आम्ही सर्व शहाण्या माणसांनी त्यांच्या कानाचा दोष त्यांच्या स्वभावाला लावला होता.

यात शरीराचा व्यवहार काय आहे तो समजून घेण्यासारखा आहे. वयाने ऐकू येणे कमी होते ते सगळे एकदम नव्हे. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात. स, श, फ, थ, ट ही व्यंजने बारीक आणि उंच पट्टीची असतात. म्हणजे म्हाताऱ्या कानाला स्वर पोचतात, व्यंजने गळतात. आवाज येतो, शब्द लागत नाही, हे गुरुजींचे बोलणे अक्षरशः बरोबर होते. एकटा माणूस समोर बसून बोलला तर तोंडाकडे पाहून निभावते. चौघे एकदम बोलू लागले, मागून ट्रॅक्टर गेला, की सगळा गलबला होतो. अर्थ जुळवता जुळवता डोके शिणते, आणि शिणलेला माणूस घरी बसणे पत्करतो. ओरडून बोलल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण त्याने स्वरच मोठे होतात. समोर यावे, उजेडात बसावे, सावकाश आणि स्वच्छ बोलावे.

कानांप्रमाणेच आणखी काही गोष्टी माणसाला गुपचूप घरी बसवतात. मोतीबिंदू वाढला की समोरचा चेहरा धूसर दिसतो, पायरीचा अंदाज चुकतो, आणि संध्याकाळचे बाहेर पडणे बंद होते. गुडघे दुखतात म्हणून पाराची उंची नकोशी होते. पुरुषांना उतारवयात लघवीचा त्रास होतो, वारंवार उठावे लागते. मग ते पंचवीसेक किलोमीटरवरच्या पंढरपूरलाही कुणाबरोबर जात नाहीत आणि 'आता गर्दी सोसत नाही' असे सांगतात. साखरेचा रोगी चार माणसांत जेवायला जायचे टाळतो. यांपैकी बहुतेक गोष्टींवर इलाज आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळाची असते आणि सरकारी रुग्णालयात मोफत होते. लघवीच्या त्रासावर औषधे आहेत. परंतु माणूस लाजेने बोलत नाही, आणि आपण विचारत नाही.

आता शास्त्राचे ऐका. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी निरनिराळ्या १४८ पाहण्यांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून तपासली. ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे निम्म्याने अधिक आढळली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह आणि व्यायामाचा अभाव तर आहेतच. पण कमी ऐकू येणे, नजर मंदावूनही उपचार न घेणे आणि एकटेपणा हेही आहेत. गुरुजींच्या बाबतीत कान आणि एकटेपणा हातात हात घालून आले होते, हे आपल्या ध्यानात येईल.

तेव्हा कोळपणी करायची ती कशी? मला सुचते ते थोडक्यात सांगतो.

एक, भेटीला वेळ आणि जागा ठरलेली असावी. नोकरीतले स्नेह टिकतात ते कचेरी रोज दहाला उघडते म्हणून. निवृत्तीनंतर 'या एकदा घरी' असे म्हणून कुणी येत नाही. 'रोज सकाळी सातला पारावर' असे ठरले की येतात.

दोन, चालणे आणि भेटणे एकत्र करावे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस तरी असावेत असे म्हणते. रोजचे अर्धा तास झपझप चालणे पाच दिवसांत हा हिशेब पुरा करते. एकट्याने सुरू केलेले चालणे थंडीत मोडते. दारात सोबती उभा असला की टोपी घालून निघावेच लागते.

तीन, कान आणि डोळे वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. कित्येकदा कानात नुसता मळ साचलेला असतो. यंत्र लागले तर ते लावावे, आणि पहिल्या आठवड्यातच कंटाळून कपाटात टाकू नये. भांड्यांचा, पंख्याचा आवाज प्रथम नकोसा होतो. सवयीला काही आठवडे, कधी महिने लागतात. गरीब कुटुंबांतील ज्येष्ठांना श्रवणयंत्र, काठी अशी साधने देण्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

चार, लांबचा मित्र तोडू नये. आपल्या एस.टी.त पासष्टी उलटलेल्यांना निम्मे भाडे आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत झाला. ज्या मित्राचे नाव निघाल्यावर 'बघू, जाऊ एकदा' असे आपण म्हणतो, त्याच्याकडे याच महिन्यात जावे.

पाच, घरातल्या बाईचा विचार करावा. पुरुष निवृत्त होऊन घरी बसतो, तेव्हा तिला दोन चहा जास्त टाकावे लागतात. शिक्षिका किंवा नर्स निवृत्त झाली, तर तिची एकच नोकरी सुटते. चूल आणि नातवंडे यांतून निवृत्ती कुठली? भजनी मंडळ, हरिपाठ, मैत्रिणीकडे बसणे याला घरचे लोक रिकामटेकडेपणा समजतात. तसे समजू नये. तो तास तिचा आहे, आणि तेवढा वेळ भाजी निवडायचे काम यजमानांनी करायला हरकत नाही.

आणि सहावी गोष्ट दुःखाची आहे. जोडीदार गेला की दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेले असते. तेराव्यानंतर दार लोटले जाते. खरी गरज त्यापुढच्या महिन्यांत असते. जेवण तुटते, झोप तुटते, गोळ्या घ्यायच्या राहतात. अशा वेळी स्नेह्याने काही शहाणपण सांगावे लागत नाही. संध्याकाळी जाऊन शेजारी बसावे, जेवलात का म्हणून विचारावे. अगदीच जवळ कुणी नसेल तर १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी मोफत दूरध्वनी सेवा आहे, हेही ठाऊक असू द्यावे.

गुरुजींना मंडळींनी सोलापूरला नेऊन यंत्र बसवले. सवय व्हायला तीन महिने लागले. पारावर त्यांची जागाही बदलली. आता ते भिंतीला पाठ लावून मधोमध बसतात आणि एका वेळी एकाने बोलायचे असा नियम झाला आहे. तो फारसा पाळला जात नाही, ही गोष्ट वेगळी! मी त्यांची क्षमा मागायला गेलो, तर त्यांनी मलाच विचारले, "तू हाक मारली होतीस? कधी?"

कंडक्टरांची एक सवय मात्र नोकरीतून सुटली ती पारावर आली. बैठक मोडताना ते उभे राहून माणसे मोजतात. कुणी कमी असले, की घरी जाण्याआधी त्याच्या दारात डोकावतात. वाचकहो, तुमच्याही गावात, गल्लीत असा एखादा पार असेल. उद्या सकाळी तिथे जाल तेव्हा कोण आले आहे ते तर पाहाच; पण कोण बरेच दिवस आले नाही, तेही आठवून पाहा, आणि त्याच्या घरावरून या.