बैल विकला म्हणजे पुढील पेरणी विकली

दुष्काळात धान्य महागते व जनावरे मातीमोल होतात, हा बाजाराचा उलटा न्याय परभणी जिल्ह्याने १९७२ साली व पुन्हा २०१५ साली अनुभविला. ज्वारी बुडाली म्हणजे दाणा व कडबा दोन्ही एकदमच जातात. मग बाजारात विकणारे पुष्कळ, घेणारे विरळा. त्यातच २०१५ सालापासून राज्यात बैलांच्या कत्तलीस कायद्याने बंदी झाल्यामुळे थकल्या बैलास गिऱ्हाईक मिळणे अधिकच कठीण. पुढे पाऊस पडताच तीच जोडी कर्ज काढून चढ्या भावाने घ्यावी लागते. यास्तव व्यापारी व जमीनदार बंधूंस सविनय विनंती की, आपला पैसा आज वैरणीस द्यावा. जोडी दावणीस राहिली तरच वेळेवर पेरणी होईल, आणि आपली उधारी व बटाईचा वाटाही पदरी पडेल.