राणी दिसली नाही तरी चालेल

सातेरी या देशी मधमाशांची पेटी पहिल्यांदा उघडणारा माणूस राणी शोधत बसतो. तेवढ्यात माशा चवताळतात, पिलं गारठतात आणि जे बघायचं ते राहून जातं. महाबळेश्वरच्या डोंगरपट्ट्यात 1946 पासून मधमाशीपालनाचं सरकारी काम चालू आहे. जवळच्याच मांघरला 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून मान मिळाला. इथला मुरलेला मधपाळ राणीसाठी अडून राहत नाही. पोळ्याच्या घरात नुकतीच घातलेली अंडी दिसली, की दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी तिथे होती हे त्याला कळतं.

तपासणी सुरू होते ती झाकण न काढता. पेटीच्या बाजूला, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून उभं राहायचं. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माशा लगबगीने आत शिरत असतील, तर आत बहुधा खाणारी पिलं आहेत. दाराशी मेलेल्या अळ्या ओढून टाकलेल्या दिसल्या, तर शंका घ्यायची. दारात पंख मारणारी सातेरी तोंड बाहेर करून बसते आणि हवा आत ढकलते. विलायती मेलीफेरा नेमकी उलटी, तोंड आत करून बसते. मेलीफेराचं पुस्तक वाचून सातेरीकडे जाणाऱ्याला असे धक्के पुढेही बसतात.

ऊन पडलेली, वारा नसलेली सकाळ बघून पेटी उघडावी. गोणपाटाचा किंवा वाळल्या शेणीचा थोडा धूर पुरतो. धुराने भ्यालेल्या माशा मध पिऊन पोट भरून घेतात आणि डंखाच्या फंदात फारशा पडत नाहीत. पण धुराचा मारा केला, तर सातेरी पोळ्याची फ्रेम सोडून कोपऱ्यात गठ्ठ्याने लोंबते किंवा सुसकारे टाकते. सातेरी चिकटवायला राळ फारशी वापरत नाही, म्हणून फ्रेम पटकन सुटतात. अशी फ्रेम सुटी निघते याचं श्रेय लॅंगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्रीचं. माशीला ये-जा करण्याइतकीच फट ठेवली तर ती त्या जागेत पोळं बांधत नाही, हे 1851 मध्ये ओळखून त्याने पेटी बेतली. त्याआधी आत काय चाललंय हे बघायला बहुतेकदा पोळं कापावंच लागे.

कडेची फ्रेम आधी काढून बाजूला ठेवायची, म्हणजे बाकीच्यांना सरकायला जागा होते. फ्रेम उभीच धरायची आणि उलटवतानाही उभीच फिरवायची. आडवी केली, की मधाने जडावलेलं ताजं पोळं मोडून खाली येतं. सूर्याकडे पाठ करून खांद्यावरून येणारं ऊन घराच्या तळाशी पाडलं, की अंडं दिसतं. तांदळाच्या कणीएवढं, पहिल्या दिवशी उभं, मग कलत जाणारं, तिसऱ्या दिवशी आडवं. एका घरात एकच अंडं, तेही तळाशी मधोमध, हे राणीचं काम. एकेका घरात तीन-चार अंडी, काही भिंतींना चिकटलेली, असं दिसलं तर राणी गेलेली आहे आणि कामकरी माशांनीच घालायला सुरुवात केली आहे. त्यातून फक्त नर निपजतात. राणी हरवलेल्या सातेरीत ही वेळ फार लवकर येते, म्हणून विलंब परवडत नाही.

मग पिलाव्याची ठेवण बघायची. मध्यभागी झाकलेल्या घरांचा सलग गालिचा, त्याला लागून परागाची पट्टी, वर मधाची कमान, ही निरोगी वसाहतीची खूण. गालिच्यात विखुरलेली रिकामी घरं वाढली, की राणी थकली आहे किंवा पिलं मरत आहेत. नराच्या घराचं झाकण फुगीर असतं आणि सातेरीत त्याला मध्ये बारीक छिद्रही असतं. नवख्याला तो रोग वाटतो. रोग दिसतो तो वेगळा. अळीची कातडी पाण्याच्या पिशवीसारखी फुगलेली, डोकं वर करून पाठीवर लांब पडलेली. हा थाई सॅकब्रूड विषाणू. 1991-92 च्या सुमारास त्याने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती अक्षरशः साफ केल्या. त्यावर औषध नाही. म्हणून आजारी पेटीची फ्रेम दुसऱ्या पेटीत घालू नये, हात-अवजारं धुवावीत, ही शिस्त मला तपासणीतली सर्वांत महत्त्वाची वाटते आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारीही.

व्हॅरोआ या कोळीवर्गीय परजीवीचा मात्र सातेरीच्या पेटीत फारसा धसका नको. सातेरी त्याची मूळ यजमान; ती त्याला अंगावरून झटकते आणि तो वाढतो तो मुख्यतः नरांच्या घरात. मेलीफेराचे हाल त्यानेच केले. सातेरीला त्यापेक्षा मेणकिडा नडतो. तळपाटावरचा कचरा साचू दिला, की पोळ्यात रेशमी बोगदे निघू लागतात.

पोळ्याच्या खालच्या कडेला राणीकोष लोंबत असतील, तर वसाहत फुटायच्या बेतात आहे. जांभूळ फुलण्याच्या सुमारास हे दिसलं, तर पेटी विभागायची किंवा जागा वाढवायची, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. फ्रेम पुन्हा त्याच क्रमाने, त्याच तोंडाने ठेवायच्या. सातेरी पेटी सोडून पळून जाण्यात पटाईत. दर दोन दिवसांनी झाकण काढणाऱ्याला ती फार काळ सोबत करत नाही.

पावसाळ्यात तर महाबळेश्वरला उघडायची सोयच नसते. तेव्हा मधपाळ पेटीची मागची बाजू किंचित उचलून वजनाचा अंदाज घेतो. हलकी लागली, तर साखरेचा पाक देतो, आणि तोही संध्याकाळी. दिवसा दिला, तर वासावर शेजारच्या पेटीतल्या माशा येतात आणि लूटमार सुरू होते.